बाजारानं झाडलेला मेंबर

परवा रेल्वेच्या इंजिन-शेडमधून सुटल्यावर इथल्या एका मराठी बाबूंकडे नागपूरचं वर्तमानपत्र मिळालं. शिळंच होतं, पण झाशीसारख्या ठिकाणी मराठी अक्षर दिसलं की मी शिळंताजं बघत नाही. त्यात आमच्या आप्पासाहेब वकिलांचा फोटो होता. वऱ्हाडातून दिल्लीच्या असेंब्लीत जाऊन आलेले, म्हणून त्यांचा कुठंसा सत्कार झाला होता. फोटोखाली लिहिलं होतं की हा जनतेच्या मनातला माणूस. तेवढं वाचलं आणि पेपर घडी करून परत दिला.

"काय हो, एवढ्यात वाचून झाला?" बाबू म्हणाले.

"झाला," मी म्हटलं. आणि रागानं तडक निघालो.

मी रागावणारा माणूस नाही. भित्राच म्हणा ना. इंजिनावरच्या साहेबाची शिट्टी जरा लांब वाजली तरी आपलंच काही चुकलं असेल असं मला वाटतं. शाळा मराठी तिसरीतच सुटली, त्यामुळे कागदावर लिहितानाही मागून कोणी येऊन कान पिरगाळेल अशी धास्ती असते. पण जनतेच्या मनातला माणूस कोण होता, हे वाशीमच्या बाजारातल्या कोणत्याही भाजीवालीला विचारा. आज विचारलं तर ती आधी दोन शिव्या घालील आणि मग नाव सांगेल. त्याचं नाव दौलतभाऊ. मी आज चार ओळी वाचतो-लिहितो ती त्यांचीच मेहरबानी आहे, आणि त्यांच्यावर झालेला अन्याय गिळून गप्प बसणं आता माझ्यानं होत नाही.

वाशीम गावाला लागून जे मळे आहेत, त्यातल्या एका मळ्यात भाऊंचा जन्म गेला. वांगी, मिरची, पालक, सांबार, म्हणजे इकडची मंडळी ज्याला धनिया म्हणतात तो. उंच माणूस, मोट हाकून हाकून खांद्यात वाकलेला, पायाला अशा भेगा की त्यात माती कायमची मुक्कामाला. नागपूरच्या कौन्सिलात निवडून गेले तेव्हा जन्मात पहिला कोट शिवला, आणि तोही ते बंडीसारखा घालायचे, गुंड्या न लावता. कोटाच्या डाव्या खिशात पेपर आणि उजव्या खिशात हिरव्या मिरच्या.

मिरच्यांची गंमत अशी. सभेत बोलायला उठायचं असलं की भाऊ आधी एक मिरची दाताखाली धरायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "तोंड पोयलं का माणूस कामाचंच बोलते. गोड तोंडाचा थांबतच नाई." कौन्सिलात पहिल्यांदा बोलायला उभे राहिले तेव्हा मिरची जरा जास्तच तिखट निघाली. डोळ्यांतून धारा. सभापतींनी विचारलं, मेंबरांना बरं वाटत नाही का? भाऊ म्हणाले, "रडून नाई राह्यलो साहेब, मिरची लागली. पण इषय रडासारखाच हाये." सगळं सभागृह हसलं. ही हकीकत त्यांनी स्वतःच बाजारात सांगितली, तेव्हा समोरच्या ओट्यावरून एक म्हातारी ओरडली, "मंग रडून तरी काई भेटलं का रे?"

भाऊ म्हणाले, "काई नाई भेटलं माय."

"मंग अख्खी टोपली घेऊन जातो. एका मिरचीनं काय होते!"

ती म्हातारी गुणामाय. तिच्याविषयी पुढे येईलच.

मी मिरच्या विकायला बाजारात बसायचो. माझं लग्न झालेलं, घरचा मळा वाट्याला आलेला, आणि शिकलेली तिसरी पुसट होत चाललेली. भाऊंनी एकदा माझ्याच मिरच्या घेतल्या आणि पेपर माझ्या पुढ्यात टाकला. "वाच, किसना. मोठ्यानं." मी अडखळत वाचलं. लोक हसले. माझे कान तापले आणि मी पेपर खाली ठेवला. भाऊंनी तो उचलून परत माझ्या हातात दिला. "हासून राह्यले म्हंजे आयकून राह्यले. वाच." तेव्हापासून दर बाजारी पेपर वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी चुकलो की भाऊ थांबायचे, सांगायचे नाहीत. मी परत मागे जाऊन शब्द धरून आणेपर्यंत अख्खा बाजार थांबवून ठेवायचे. शाळेत मास्तरांनी मला इतका वेळ कधी दिला नव्हता.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरूनच बिघडलं.

आमच्या मळ्यांच्या वस्तीत गावदेवीचा भंडारा असतो. त्याचं काम ज्याच्याकडे दिलेलं असेल तो दुसऱ्या दिवशी झाडाखाली जमिनीवर बसतो आणि बाकीचे सगळे ओट्यावर, म्हणजे त्याच्या डोक्यावर. मग लोक त्याला झाडतात. वरण पातळ होतं, पोळ्या करपल्या, आमच्या पंगतीला मीठ आलं नाही, तुह्या सासऱ्याला मात्र दोनदा बुंदी वाढली. तो मान खाली घालून ऐकतो, उत्तरं देतो, कबूल करतो. खरी गोष्ट अशी की पुढच्या वर्षी काम त्यालाच द्यायचं असलं की लोक जास्त झाडतात. ज्याला काढायचं त्याला कोणी चकार शब्द बोलत नाही. कोणीतरी वडीलधारा उठतो, "बरं केलं जी, लय तरास झाला तुमाले" म्हणतो आणि त्याच्या हातावर विड्याचं पान ठेवतो. हातावर पान पडलं की माणूस समजून घेतो. उठतो आणि जातो. बोलाचाली नाही, भांडण नाही. गोड बोलून माणूस काढायची ही रीत आम्हाला इतकी अंगवळणी पडलेली की ती कोणाला समजावून सांगावी लागेल, हेच कधी सुचलं नाही.

भाऊंनी ही भंडाऱ्याची रीत कौन्सिलाला लावली. नागपूरहून परत आले की पहिल्या बाजारी लिंबाखाली जमिनीवर बसायचे. समोरच्या धान्याच्या ओट्यावर माळणी, कास्तकार, तांड्यांवरची माणसं, जो येईल तो. आणि भाऊ आधी सांगायचे ते हरलेलं. "हे मांगलं, नाई भेटलं. हे बोललो, कोणी आयकलं नाई. हे बोलाचं होतं, माह्या ध्यानातून गेलं." मग झाडणं सुरू. दुसऱ्या आठवड्यात हाच प्रकार शेलूच्या बाजारात. कोणता मेंबर असं करतो? मी आता इतकी गावं पाहिली, इतके पुढारी गाडीतून उतरताना पाहिले, हारांखाली त्यांचे चेहरेसुद्धा दिसत नाहीत. जिंकलेलंच सांगतात सगळे. हरलेलं सांगायला कोण जमिनीवर बसतो?

आता टोपल्यांची गोष्ट. आमच्याकडच्या माळणी सकाळच्या गाडीनं अकोल्याला भाजी न्यायच्या. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात माणसं आणि टोपल्या एकमेकांवर. गार्ड रोज भांडायचा, कधी चिरीमिरी घेऊन गप्प बसायचा, कधी बसायचा नाही. एके सकाळी त्यानं गुणामायच्या टोपल्या लाथेनं खाली ढकलल्या. वांगी रुळांवर पांगली. त्याच गाडीच्या त्याच डब्यात भाऊ होते, कारण मेंबर झाले तरी ते तिसऱ्या वर्गातच बसायचे. ते खाली उतरले, गार्डाशी बोलले ते बोलले, आणि मग वाकून वांगी वेचायला लागले. गाडी सुटली. नागपूरला त्या दिवशी कौन्सिल बसणार होतं. भाऊ गेले नाहीत.

पुढच्या बाजारी गुणामायनंच त्यांना धरलं. "का रे दौलत्या, तुले वांगे येचाले पाठोलं होतं का आमी? वांगे मी येचले असते! तू गाडीत बसाले पायजे होता अन् तिथं जाऊन बोंबलाले पायजे होता!"

"चुकलं माय."

"चुकलं म्हून काय होते? टोपल्याइले एक डबा पायजे. येगळा. इतकुसं काम हाये. सायबाइच्या घोड्याइले डबा भेटते, आमच्या वांग्याइले काहून नाई?"

भाऊंनी ते कौन्सिलात जसंच्या तसं विचारलं. घोड्यांसकट. उत्तर आलं की रेल्वे हा विषय नागपूरचा नाही, दिल्लीचा आहे. परत आल्यावर लिंबाखाली बसून भाऊंनी हे उत्तर सांगितलं आणि मान खाली घालून झाडणी खायला तयार झाले. मग गुणामाय म्हणाली, "मंग दिल्लीले जाय."

"दिल्ली काय शेलूबाजार हाये का माय?"

"रस्ता तं हाये ना? गाडी जाते ना? मंग बस अन् जाय! नागपुरात संत्री खात बसला नुसता!"

सगळा बाजार हसला, आणि त्या हसण्यात ठरून गेलं. दिल्लीच्या असेंब्लीची निवडणूक जवळ आली होती. भाऊंनी आपल्या पक्षाच्या मंडळींना कळवलं की मला उभं करा. कशासाठी, असं त्यांनी विचारलं तर भाऊंनी लिहिलं, टोपल्यांच्या डब्यासाठी. ते पत्र वाचून तिकडे लोक हसले असतील, पण हे हसणं आमच्या बाजाराच्या हसण्यासारखं नसणार.

पक्षानं ठरवलं की दोन माणसं पाठवून उमेदवारांची पारख करायची. उमेदवार दोनच, भाऊ आणि अकोल्याचे आप्पासाहेब वकील. पारख करायला एक म्हातारे बॅरिस्टर आणि त्यांच्याबरोबर एक तरुण चिटणीस. लोकांवर वजन कोणाचं किती, हे बाजाराच्या दिवशी वाशीमला येऊन डोळ्यांनी बघणार होते.

मला आदल्या दिवशीच धडकी भरली. मळ्यात गेलो. भाऊ मिरचीच्या वाफ्यात पाणी वळवत होते.

"भाऊ, लोकाइले सांगून ठेवू का?"

"काय सांगशीन?"

"का उद्या जरा सबुरीनं बोला म्हून. पाहुणे येऊन राह्यले."

भाऊंनी फावड्यानं वाफ्याचं तोंड बंद केलं, दुसरं उघडलं. "म्हंजे थे खोटा बाजार पाहून जातीन. मंग मी दिल्लीत खोट्या बाजाराचा मेंबर. नाई किसना."

"अन् त्याइले समजलं नाई तं?"

"समजते रे. शिकेल माणसं हायेत."

या एका वाक्याचा मला अजून राग येतो. भाऊंचाही येतो. जगात सगळं समजणारा हा माणूस, शिकलेल्यांपुढे आला की एवढा भोळा कसा व्हायचा?

दुसऱ्या दिवशी बाजार फुलला. पाहुणे येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. गुणामायनं आपल्या बायकांना आधीच बजावलं होतं, "आज असा झाडा, असा झाडा दौलत्याले, का पाहुण्याइले दिसलं पायजे थो किती आपला हाये." इंझोरीहून कास्तकार आले होते, पोहऱ्याकडच्या तांड्यावरून चार-पाच जण आले होते. सगळे सजून आले होते, शिव्या घालायला.

आधी आप्पासाहेब. मोटारीतून उतरले, ओट्यावर टेबल मांडलेलं होतं, त्यामागे उभे राहिले. आवाज चांगला, धोतर झकास, इंग्रजीतले मोठे मोठे शब्द मध्ये मध्ये. मातृभूमी, त्याग, जागृती. लोक हात जोडून उभे. "हो जी." "बरं जी." कोणी काही विचारलं नाही. भाषण संपल्यावर सखाराम मेढे नावाचे आमचे एक म्हातारे गृहस्थ पुढे झाले आणि म्हणाले, "लय तरास झाला जी तुमाले, इतक्या दुरून आले," आणि त्यांनी आप्पासाहेबांच्या हातावर पान ठेवलं.

मागच्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडात कोंबले. आप्पासाहेबांनी पान कपाळाला लावलं. बॅरिस्टरसाहेब चिटणिसाकडे वळून म्हणाले, "पाहा, काय शिस्त आहे. केवढा आदर आहे." मी पेपर घेऊन बाजूलाच उभा होतो. माझ्या कानांनी ऐकलं.

मग भाऊ आले. लिंबाखाली जमिनीवर बसले. लोक ओट्यावर चढले. टेबल अडचण करत होतं म्हणून कोणीतरी ते उचलून बाजूला ठेवलं.

तांड्यावरच्या एकानं सुरुवात केली. "मेंबर, पावसायात आमच्याकडे आलते. चिखलात चप्पल फसली तुमची. चप्पल काढून घेऊन गेले, आमचं काम मातर तिथंच फसू देलं!"

"बरोबर हाये," भाऊ म्हणाले. "रस्त्याचं विचारलं होतं. पुढच्या साली पाहू म्हणले."

"पुढच्या साली तुमी पाह्यसान, आमी नाई पाहून राह्यलो!"

इंझोरीचा कास्तकार उठला. त्याचं वेगळंच. मग गुणामाय कमरेला पदर खोचून ओट्याच्या कडेला आली. तिचा आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाच्या कासारापर्यंत जायचा. "दौलत्या! दाढी पिकली तुही! नागपूरले जाते अन् येते, जाते अन् येते, जसा काई घाण्याचा बैल! एक डबा आनता नाई आला तुले! माह्या सुनेले पाठोलं असतं तं आतापावतर गाडीच आनली असती तिनं घरी!"

बाजार खदखदून हसला. भाऊही हसले. डोळ्यांना पाणी आलं त्यांच्या, आणि तोवर मिरची खाल्लीही नव्हती. "हारलो माय," ते म्हणाले. "कबूल हाये. अजून एक डाव देता का?"

"देतो का म्हंजे? जाशीन नाई तं काय करशीन! घरी बसून तुही बायको तरी पोसन का तुले?"

चिटणिसाचा चेहरा उतरला होता. तो शेजारच्या सखारामजींना हळूच म्हणाला, "हे नेहमी असंच चालतं?"

सखारामजींची छाती फुगली. "नाई जी साहेब! आज लय हाये! येरव्ही इतकं नसते!"

मी धीर करून पुढे झालो. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या मोठ्या माणसाशी बोललो. "साहेब, हे रागावणं नाही. आमच्याकडे रीत आहे. ज्याला ठेवायचं त्याला…"

बॅरिस्टरसाहेबांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. "आपलं शिक्षण?"

"तिसरी."

"मग राहू द्या."

राहू द्या! तेव्हा राहू दिलं. आता इथे, गावापासून दोन दिवसांच्या गाडीच्या अंतरावर बसून, मी त्या चष्म्याला रोज उत्तर देतो. साहेब, तुम्ही माणूस पारखायला आला होता ना? भाषण कसं आहे ते पाहिलंत. धोतर पाहिलंत. इंग्रजी शब्द ऐकलेत. ज्याच्यापुढे माळीण उभी राहून तोंडावर बोलू शकते, असा दुसरा मेंबर तुमच्या पक्षात दाखवा. ज्याला लोक भीत नाहीत आणि तरी ज्याचं ऐकतात, तो मेंबर दाखवा. हरलेलं आधी सांगणारा दाखवा. ह्याला ताकद म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात? आणि एक गंमत लक्षात घ्या. त्या निवडणुकीत मत फक्त चांगला शेतसारा भरणाऱ्या मोजक्या लोकांना होतं. गुणामायला मत नव्हतं, तांड्यावरच्या माणसाला नव्हतं, मला नव्हतं. ज्यांना मत नाही म्हणून तुम्ही कधी ढुंकून पाहिलं नाही, त्यांच्या शिव्या मात्र तुम्ही एक एक करून मोजल्या.

चहाला सगळे एका व्यापाऱ्याच्या बैठकीत बसले. मी पेपर द्यायच्या निमित्तानं दारात. बॅरिस्टरसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "दौलतराव, माणूस भले आहात तुम्ही. पण ज्याला आपला बाजार आवरता येत नाही, त्यानं दिल्लीच्या सभागृहात काय करायचं?"

भाऊंनी खिशातून मिरची काढली आणि दाताखाली धरली. आता बोलतील, मला वाटलं. आता एका वाक्यात सगळं फिरेल.

"साहेब, आप्पासाहेबाइले बाजारानं काय देलं?"

"मान दिला."

"अन् मले?"

"ते तुम्हीच ऐकलंत."

"हो," भाऊ म्हणाले. "आयकलं."

बस. एवढंच. मिरची पूर्ण चावून गिळली आणि फेटा नीट करून बाहेर पडले. वाटेत मी त्यांच्या मागे जवळजवळ पळत होतो. कधी नव्हे ते ओरडलो, "काहून नाई सांगितलं भाऊ? एक शब्द सांगाचा होता!"

भाऊ चालतच म्हणाले, "मी सांगितलं असतं का ह्या शिव्या कौतुकाच्या हायेत, तं पुढच्या बाजारापासून लोकं कौतुकच कराले लागले असते. मंग मले खरं कोण सांगन?"

मला दिल्ली हवी होती त्यांच्यासाठी. गुणामायला डबा हवा होता. आणि हा माणूस आपल्या शिव्या जपत बसला होता.

आप्पासाहेबांना उमेदवारी मिळाली. पेपरात बातमी आली ती मीच लिंबाखाली मोठ्यानं वाचली. पारख करणाऱ्यांनी काय म्हटलं तेही त्यात होतं, दौलतरावांविषयी त्यांच्याच भागात फार असंतोष आहे. असंतोष हा शब्द मी दोनदा वाचला, अडखळून. या वेळी कोणी हसलं नाही.

भाऊ नेहमीसारखे जमिनीवर बसले होते. सांगायला लागले, "दिल्लीचं मांगलं होतं. नाई भेटलं." आणि थांबले, झाडणीची वाट बघत.

ओट्यावरून कोणी बोलेना. लोकांना कळलं होतं की आपल्या बोलण्यानं हे झालं. तांड्यावरचा तो माणूस पायाच्या अंगठ्यानं ओट्याचा चुना खरवडत होता. सखारामजी दुसरीकडे बघत होते. भाऊ एकेकाकडे बघू लागले. "बोला ना," म्हणाले. "काय झालं? बोला!" त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

गुणामाय ओट्यावरून खाली उतरली. डोळे पुशीत आली. सगळ्यांत जास्त ती बोलली होती, सगळ्यांत जास्त तिलाच लागलं होतं. भाऊंच्या पुढ्यात बसली, कमरेची चंची सोडली, त्यातलं पान काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. "लय तरास झाला रे बाप्पा तुले आमच्यापायी," ती म्हणाली.

शब्द तोंडातून गेले आणि मग तिला समजलं. आम्हा सगळ्यांनाच समजलं. तिनं हात पुढे केला पान परत घ्यायला, पण भाऊंनी मूठ मिटली होती.

"बरं माय," ते म्हणाले. उठले, कोट झटकला आणि गेले. पेपर माझ्याच हातात राहिला.

नंतर आम्ही सगळे गेलो मळ्यावर. गुणामायनं पाय धरले. भाऊ सगळ्यांशी नीट बोलले, सगळ्यांना सोबत भाजी बांधून दिली. पण लिंबाखाली बसायला परत या म्हटलं की मान हलवायचे. मी एकदा एकटा गाठून म्हटलं, "भाऊ, थे पान तसं नव्हतं."

"पान पानच असते किसना."

असा राग आला होता मला की काय सांगू. त्यांचा, गुणामायचा, आमच्या रीतीचा. माणसानं इतकंही आपल्या रीतीचं होऊ नये. आणि त्याहून वाईट म्हणजे निवडणुकीत ते आप्पासाहेबांसाठी गावोगाव फिरले, पायी. पक्षाचं काम आहे म्हणाले. सारा भरणाऱ्यांच्या दारात जाऊन, मिरची चावून, दोन वाक्यांत त्यांच्यासाठी मत मागितलं. प्रत्येक ठिकाणी सांगितलं की आप्पासाहेबांना टोपल्यांच्या डब्याची आठवण करून द्या. आप्पासाहेब निवडून आले. दिल्लीतली त्यांची भाषणं मी पेपरात शोधून शोधून वाचायचो. साखरेवर बोलले, टपालावर बोलले, एकदा कुठल्याशा पुतळ्यावर बोलले. टोपल्यांचा शब्द नाही.

भाऊंची नागपूरची मुदत संपली. परत ते उभे राहिले नाहीत.

मग माझ्याही मळ्याचं पाणी आटलं, एका नातेवाइकानं इथे झाशीला शेडमध्ये खलाशाचं, म्हणजे इंजिनं धुण्यापुसण्याचं काम बघून दिलं, आणि मी निघालो. सकाळची गाडी. वाशीमच्या स्टेशनावर नेहमीची झुंबड, माळणी, टोपल्या. तिसऱ्या वर्गाच्या खिडकीशी मी कसाबसा जागा धरून बसलो आणि बाहेर पाहिलं तर पलीकडच्या डब्याच्या दाराशी भाऊ. कोट नव्हता. अंगात जुनी बंडी. खांद्यावर गुणामायची टोपली, ती आत सरकवत होते आणि गार्डाशी हुज्जत घालत होते. गार्ड त्यांना ओळखत नव्हता. "ए बुढ्ढे, हटो," म्हणत होता. भाऊ हटले नाहीत. टोपली आत गेली, गुणामाय आत गेली, आणि भाऊ फलाटावर मागे सरून उभे राहिले, हात पुसत, खांद्यात आणखीच वाकलेले.

शिट्टी झाली. गाडी हलली. माझा डबा त्यांच्या समोरून जाणार होता. मला वाटलं हाक मारावी, रामराम करावा, सांगावं की तुमच्यामुळे मला स्टेशनांच्या पाट्या वाचता येतात. या सगळ्या वर्षांत मी त्यांना पेपर वाचून दाखवला होता, झाडलं मात्र कधीच नव्हतं. माझी हिंमतच नव्हती तेवढी.

मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "काय हो मेंबर! इतके साल नागपूरले काय संत्री खाले गेलते का? एक डबा आनता नाई आला तुमच्यानं! अजून टोपलेच उचलून राह्यले!"

फलाटावरची माणसं दचकून माझ्याकडे बघायला लागली. भाऊंनी मान वर केली. आधी त्यांना दिसेना कोण आहे ते. मग दिसलं. आणि तो वाकलेला माणूस हळूहळू असा सरळ झाला की मी त्यांना इतकं उंच कधी पाहिलं नव्हतं. गाडीबरोबर चार पावलं चालत आले, मूठ उगारून, तोंडभर हसत.

"उतर ना खाली!" ते ओरडले. "उतर, मंग सांगतो तुले!"

गाडीनं वेग धरला होता.